अकरा नंबरचं टेबल

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी वेणूबाई रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सकाळी साडेसातला पोचतात. परीक्षा दहाला असते. तेवढ्या वेळात त्यांना अठरा टेबलं मांडायची असतात. प्रत्येकावर स्टँडला लावलेली ब्यूरेट, पिपेट, दोन चंबू, पाण्याची बाटली. ब्यूरेट म्हणजे आकडे छापलेली लांब काचेची नळी, खाली तोटी. ती तोटी गळते का, हे त्या प्रत्येक वेळी स्वतः बघतात. कारण गळकी तोटी ज्या पोराच्या वाट्याला येते ते पोर बहुतेक वेळा बोलत नाही. ज्यांच्या घरात मास्तरांशी बोलायची सवय आहे ती पोरं हात वर करतात. बाकीची, आपलंच काही चुकलं असेल असं समजून, तसंच रेटतात आणि उत्तर चुकवून घरी जातात.

हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. नवरा याच कॉलेजात शिपाई होता. बावीस वर्षांपूर्वी तो वारला आणि अनुकंपेवर वेणूबाईंना प्रयोगशाळेत घेतलं. त्यांचं शिक्षण सातवी. माहेर आणि सासर दोन्हीकडे भातशेती, बोर्ली पंचतनच्या आतल्या वाड्यांवर. पहिलं वर्षभर बाटल्यांवरची इंग्रजी नावं वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी बाटल्या रंगावरून आणि कपाटातल्या जागेवरून लक्षात ठेवल्या. एखाद्या सरांनी बाटली भलतीकडे ठेवली की त्या म्हणायच्या, "सर, मिठाच्या डब्यात साखर ठेवलीत." सर हसायचे आणि बाटली जागेवर ठेवायचे.

त्यांच्या सिंकखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात ॲप्रन असतात. दर जूनमध्ये पहिल्या वर्षाची चार-पाच मुलं, पांढरा ॲप्रन नाही म्हणून, व्हरांड्यात उभी केली जातात. घरी अजून एक वस्तू मागायची त्यांची हिंमत नसते. फी भरली, आता काय अजून, हे उत्तर त्यांना न विचारताच माहीत असतं. वेणूबाई व्हरांड्यात जातात, मापाला बरा दिसेल तो ॲप्रन काढून देतात आणि तीन वर्षांनी परत घेतात. सोड्यात उकळून, इस्त्री करून तो पुन्हा ट्रंकेत जातो. कॉलरच्या आत वापरणाऱ्यानं आपलं नाव लिहायचं, एवढीच अट. काही कॉलरींवर सहा-सहा नावं आहेत.

सगळ्यात जुन्या ॲप्रनवर पहिलं नाव प्रणालीचं आहे, वेणूबाईंच्या मुलीचं. तिनं तो एकच वर्ष घातला. पहिल्या वर्षाला ती गणिताच्या एका पेपरात राहिली. घरानं नापास म्हणजे नापास असं धरलं, दहावी-बारावीला असतं तसं. मायलेकी आठवडाभर कुणाच्या समोर गेल्या नाहीत. दीर म्हणाले, "शिकली तेवढी पुरे." दिवाळीनंतर काशीदचं स्थळ आलं. एका विषयात राहिलेलं मूल पुढच्या वर्गात बसू शकतं आणि तो पेपर मागाहून देता येतो, हे वेणूबाईंना कळलं तेव्हा प्रणालीला तिसरा महिना होता. दुसऱ्या वर्षाच्या टेबलापाशी एक मुलगा उभा दिसला.

"तू तर नापास झालावतास ना रे?" त्यांनी विचारलं.

"एटीकेटी आहे, मावशी. तीन विषयांची. अर्ध्या वर्गाला आहे."

ज्या इमारतीत ही गोष्ट झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होती, त्या इमारतीत त्या रोज आठ तास उभ्या असत. लाजेपायी त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या हातून दोन चंबू फुटले. ॲप्रन दुसऱ्यांना द्यायला त्यांनी त्यानंतरच सुरुवात केली.

प्रणालीनंतर तो ॲप्रन ज्या मुलीनं घातला ती कल्पिता. बाप मिठागरावर कामाला. आज ती त्याच विभागात शिकवते. कल्पिता मॅडमनी ॲप्रनचा विषय कधी काढला नाही. वेणूबाईंनीही नाही.

यंदाच्या मार्चमध्ये तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या प्रात्यक्षिकाला अकरा नंबरचं टेबल कोरडं राहिलं.

ते ऋतिकाचं होतं. भरडखोलच्या कोळीवाड्यातली मुलगी, घरातली कॉलेजात आलेली पहिली. दोन दिवसांपूर्वी, रविवारी, तिचे आजोबा गुणाजी जाळं शिवताना बसल्या जागी गेले. मंगळवारी सकाळी तिचा चुलतभाऊ कमलेश बोर्लीच्या एसटी स्टँडवर मोटरसायकल घेऊन वेणूबाईंची वाट बघत उभा होता.

"मावशी, ऋतिका येनार न्हाय आज. आजा गेला. सुतक हाय."

"अरे देवा. कधी?"

"परवा. मॅडमना सांगशील ना?"

"सांगते. तिला म्हणावं, काळजी करू नको."

त्यांनी सांगितलंही. कल्पिता मॅडम बाहेरून आलेल्या परीक्षकांना यादी दाखवत होत्या. वेणूबाई जवळ जाऊन हळू म्हणाल्या, "अकरा नंबरची येणार नाही, मॅडम. आजोबा वारले." मॅडमनी मान हलवली. वेणूबाईंनी अकरा नंबरवरच्या ब्यूरेटला टोपण घातलं आणि आपलं काम झालं असं समजून सिंककडे वळल्या.

कोळीवाड्यात बोट कधी सुटणार, बर्फ कुणी आणायचा, कुणाच्या घरी सुपारी फुटली, सगळं निरोपावर चालतं. निरोप नेणाऱ्यानं पोचवला की धाडणारा मोकळा. वेणूबाईंच्या वाडीवरही तसंच. बावीस वर्षं कॉलेजात काढूनही त्या मंगळवारी त्या वाडीवरच्याच होत्या.

गुरुवारी दुपारी मॅडम गुणांचा तक्ता भरत बसल्या होत्या. वेणूबाई बाजूच्या कपाटात बाटल्या लावत होत्या. तक्त्यात सगळीकडे आकडे होते. अकराव्या ओळीत दोन इंग्रजी अक्षरं.

"मॅडम, हे काय लिहिलंत?"

"गैरहजर."

"पण मी सांगितलं होतं ना."

"सांगितलंत, मावशी. अर्ज कुठाय? तिचा अर्ज, वर कारण, सोबत पुरावा. विद्यापीठाला मी काय कळवू, मावशी म्हणाल्या म्हणून?"

"आता आणला तर?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "शनिवारी बाराला तक्ता जातो. त्याच्या आत आला, तर पुढच्या मंगळवारी दुसऱ्या तुकडीबरोबर तिला बसवता येईल. परीक्षक तेव्हा पुन्हा येणारेत. त्यानंतर नाही. पण तिला कळायला नको? तिसऱ्या वर्षाला आहे ती. एक फोन करता येत नाही? मला नव्हतं कुणी घरी येऊन सांगत."

वेणूबाईंनी सिंकखालच्या ट्रंकेकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "पुढचा मंगळवार म्हणजे तिच्या आजोबांचा दहावा."

"ते मी कसं बदलू?"

प्रात्यक्षिक बुडालं म्हणजे पदवी वर्षभर पुढे गेली. न्हावा शेवाच्या बाजूला मालाचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ऋतिकाची निवड झाली होती. जूनअखेर निकाल दाखवायचा होता. आणि एक वर्ष घरी बसलेल्या मुलीचं काय होतं, ते वेणूबाईंना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी त्यांनी काशीदला फोन लावला. प्रणाली आणि तिचा नवरा पर्यटकांना खोल्या देतात. स्वयंपाकघर प्रणालीकडे. मागे भांड्यांचा आवाज होता.

"बोल लवकर. बारा थाळ्या आहेत, आणि एकाला म्हणे काटे नसलेला मासा पाहिजे."

वेणूबाईंनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "निरोप मीच नेला गं. मला कळायला पाहिजे होतं."

पलीकडे प्रणालीनं कुणाला तरी थाळ्या वाढायला सांगितलं.

"मग जा तिच्या घरी."

"सुतकाच्या घरी कागद मागायला जाऊ? माणूस जाऊन सहा दिवस नाही झाले."

"आई, आपल्या वेळी आपण दोघी घरात कडी लावून बसलो. कोण आलं होतं?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझा पांढरा कोट असेल ना अजून ट्रंकेत? तो दे तिला. तिचा ती मंगळवारी घरी विसरणार, बघ तू. ठेवते, तेल तापलंय."

शुक्रवारी वेणूबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ऑफिसातल्या क्लार्ककडून अर्जाचा नमुना लिहून घेतला, दोन कोरे कागद आणि पेन पिशवीत ठेवलं. तीनच्या सुमारास त्या कोळीवाड्यात उतरल्या. गुणाजींची होडी वाळूवर ओढून ठेवलेली होती. सुकट वाळवायचे मांडव रिकामे होते. ओट्यावर ऋतिकाचे वडील डोकं भादरून बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि नजर खाली घेतली. समाचाराला आलेल्या माणसाला कुणी या म्हणत नाही, चहापाणी विचारत नाही. आपण जायचं आणि बसायचं.

माजघरात तांदळाच्या पिठावर पणती तेवत होती. भिंतीला टेकून गुणाजींची बायको येसूबाई, शेजारी तिची जाऊ, म्हणजे कमलेशची आजी. वेणूबाई बसल्या तशी येसूबाईनं हुंदका काढला, जावेनं साथ दिली. मग तो कसा गेला ते सांगून झालं. सुई हातात तशीच होती, सकाळी भाकरी पुरी खाल्ली नव्हती, आदल्या दिवशी उगाचच होडीला हात लावून आला होता. सांगून संपल्यावर सगळ्या गप्प झाल्या. अशा गप्प झाल्या की आलेल्यानं उठायचं, न बोलता निघायचं, येते असं म्हणायचं नाही. वेणूबाई उठल्या नाहीत.

थोड्या वेळानं जाऊ म्हणाली, "येल झाला, बाय. एष्टी जायाची तुमची."

"व्हय. पण मी एक कागद घेऊन आलेय."

"कसला? होडीचा?"

"ऋतिकाच्या परीक्षेचा."

"त्याचा निरोप धाडलावता न्हवं कमलेशनं?"

"तो मीच नेला. तिथं निरोप चालत नाही. लिहून द्यावं लागतं, आणि गावातून दाखला."

"का म्हून? मानूस मेल्याचा खोटा निरोप कोन धाडंल?"

आतल्या दारात ऋतिका येऊन उभी होती. केस तेलावाचून विस्कटलेले, अंगावर आईचा जुना गाऊन.

"राहू दे, मावशी," ती म्हणाली. "निरोप गेला म्हणून मला वाटलं मागून कधीतरी घेतील. नाही घेत तर नाही. पुढच्या वर्षी देईन."

"पुढच्या वर्षी कुठं असशील?"

ऋतिकानं मागे वळून पाहिलं. मागे तिची आई होती, ती जमिनीकडे बघू लागली. घरात तिच्या लग्नाचं काही ठरत होतं का कोण जाणे, पण ते बघणं वेणूबाईंना ओळखीचं वाटलं.

"परीक्षा मंगळवारी आहे," त्यांनी उरलेलं सांगून टाकलं.

जावेनं कपाळाला हात लावला. "मंगलवारी दहावा. दहाव्याला घरची पोर कालिजात? कावला शिवंल काय पिंडाला? गाव काय म्हनंल?"

येसूबाई इतका वेळ पणतीकडे बघत होती. तिनं विचारलं, "किती टाइम लागतो त्या परीक्षेला?"

"दहा ते दोन."

"किनाऱ्याव पिंड ठेवायला बाया जातात काय आपल्यात?"

"न्हाय," जाऊ म्हणाली.

"मंग पोरीचं तिथं काय काम हाय? तिचं काम चुलीपाशी. तिच्या जागेव मी बसते."

"तू? तू कशी बसशील चुलीपाशी त्या दिवशी?"

"मंग तू बस."

जाऊ पुटपुटली, पण उठून कमलेशला हाक मारायला तीच गेली. तो ग्रामसेवकाला गाठायला निघाला.

ऋतिका पणतीपासून हातभर लांब, जमिनीवर कागद ठेवून लिहायला बसली. वेणूबाईंनी नमुना पुढे धरला. येसूबाई नातीच्या हाताकडे बघत होती.

"काय लिवलंस?"

"माझ्या आजोबांचे निधन झाल्यामुळे."

"नाव लिव त्याचं. आजोबा सगल्यांनाच असतात."

ऋतिकानं ती ओळ खोडली, मग खाडाखोड नको म्हणून दुसरा कागद घेतला आणि पहिल्यापासून लिहिलं. गुणाजी या नावापाशी तिचा हात थांबला. येसूबाई म्हणाली, "लिव, लिव. त्याला नसता आला राग." वेणूबाई कागद घडी करून पिशवीत घालून उठल्या आणि काही न बोलता बाहेर पडल्या. दाखला कमलेशनं रात्री त्यांच्या घरी आणून दिला.

शनिवारी सव्वादहाला अर्ज टेबलावर आला. कल्पिता मॅडमनी तो दोनदा वाचला. "तुम्ही गेलात?" एवढंच त्यांनी विचारलं. "गेले," वेणूबाई म्हणाल्या. मॅडम कागद घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेल्या आणि सही घेऊन आल्या.

मंगळवारी साडेनऊला ऋतिका व्हरांड्यात आली. ॲप्रन घरीच राहिला होता. वेणूबाईंनी ट्रंकेतला सगळ्यात जुना काढून ठेवलेला होता. ती तो हातात घेईना.

"मावशी, सुतकातल्या अंगावर? तुमच्या बाकीच्या कपड्यांत जाईल तो."

"घाल. इथं दिवसभर ॲसिड उडतं सगळ्यांवर. काही उरत नाही."

वेणूबाईंना स्वतःला हे पटलेलं नव्हतं. घरी गेल्यावर डोक्यावरून पाणी घ्यायचं, हे त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.

परीक्षा सुरू झाली. दुसऱ्या तुकडीत एक जागा रिकामी होती, ती वेणूबाईंनी अकरा नंबरला ठेवली होती. वेणूबाईंनी टेबलांकडे बघायचं नसतं, हाक आली तरच जायचं. त्या सिंकपाशी पाठ करून उभ्या राहिल्या आणि धुतलेलेच चंबू पुन्हा धुतले. द्रावण थेंब थेंब सोडत जायचं, फिकट गुलाबी झालं की तोटी बंद. एक थेंब जास्त पडला तर गडद होतं आणि सगळं पुन्हा. दुसऱ्या तुकडीची मुलं भराभर आकडे लिहीत होती. अकरा नंबरवरून चंबू आपटल्याचा आवाज आला, मग पाण्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. वेणूबाईंनी तिरक्या नजरेनं पाहिलं. ऋतिका तोटीकडे बघत उभी होती. तोटी बंद होती आणि तिच्या टोकाला थेंब फुगत होता. तो पडला. दुसरा फुगायला लागला.

सकाळी तीनदा बघितलेली ब्यूरेट. उन्हानं तोटीचं ग्रीस सैल झालं असावं. वेणूबाईंनी नळ घट्ट धरला. जाता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. परीक्षक दारापाशी उभे होते. ऋतिकानं वही ओढली, पेन उचललं. चुकलेला आकडा लिहिणार, असं वेणूबाईंना वाटलं. तिनं पेन खाली ठेवलं आणि हात वर केला.

"मॅडम, तोटी गळतेय. माझी पहिली दोन उत्तरं त्यामुळे जुळत नाहीयेत. मला दुसरी ब्यूरेट पाहिजे."

आवाज सगळ्या खोलीत ऐकू गेला. कल्पिता मॅडम आल्या, तोटीखाली बोट धरलं, बोटावर थेंब घेतला. मग त्यांची नजर ऋतिकाच्या खिशावर गेली. खिशाची एक बाजू कधीकाळी निळ्या दोऱ्यानं शिवलेली होती. तो दोरा त्यांचाच होता.

"मावशी, ब्यूरेट," त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून परीक्षकांना म्हणाल्या, "हिला वीस मिनिटं वाढवून द्यावी लागतील. साधन आमचं खराब होतं." परीक्षकांनी मान हलवली.

वेणूबाईंनी ब्यूरेट बदलून दिली. गळकी सिंकमध्ये नेऊन ठेवली.

दोन वीसला ती बाहेर आली. खाली कमलेश उभा होता.

"शिवला का कावळा?" तिनं विचारलं.

"तासभर बसवलं बाबा त्यानं. आजी किनाऱ्याव न्हवती, तरी घरातनं वरडत होती, त्याला सांगा पोर पेपरला गेलीय, जेवून घे. मंग शिवला." त्यानं हेल्मेट पुढे केलं. "चल. जेवायची थांबलीय ती."

ऋतिका परत वर आली. ॲप्रन काढून कॉलरमध्ये पेनानं नाव लिहिलं, घडी घातली आणि सिंकच्या कडेला ठेवला, बाकीच्यांपासून वेगळा. "मावशी," एवढं म्हणून ती थांबली. सुतकातलं माणूस कुणाच्या पाया पडत नाही. जिन्यावरून ती भराभर उतरून गेली.

संध्याकाळी मॅडमनी वेगळ्या कागदावर ऋतिकाचे गुण लिहिले. वेणूबाई बाटल्या लावत असताना कागद टेबलावर उघडाच होता. यावेळी तिच्या नावापुढे अक्षरं नव्हती, आकडा होता. एकोणचाळीस. पन्नासपैकी.

त्या मेअखेर निवृत्त होणार होत्या. ट्रंकेची चावी कुणाकडे द्यायची हे अजून ठरलं नव्हतं. त्यांनी तो ॲप्रन पिशवीत घातला, घरी नेला, वेगळ्या बादलीत भिजवला आणि आधी अंघोळीला गेल्या. सकाळी दोरीवर टाकताना कॉलर उलटून बघितली. प्रणाली, कल्पिता, मग चार नावं, आणि सगळ्यात खाली धुऊनही न गेलेल्या निळ्या शाईत ऋतिका. तिनं नावासोबत आपला टेबल नंबरही लिहिला होता.